पार्ले म्हणजे बोलणं

मी एक जुना फ्रेंच शब्द आहे. माझं नाव 'पार्ले', म्हणजे बोलणं. मित्रांनो, हसलात ना? सुरतेत माझं नाव ऐकलं की सगळ्यांना आधी बिस्किटाचा पुडाच आठवतो. आता मला त्याची सवय झाली आहे.

माझा जन्म कधी झाला हे मलाही ठाऊक नाही, इतका मी जुना. मी क्रियापद आहे, आणि तेही नियमित, म्हणजे सरळमार्गी. माझी शेपटी काढायची आणि जो बोलत असेल त्याची शेपटी लावायची. मी बोलतो, 'ज पार्ल'. आम्ही बोलतो, 'नु पार्लों'. तो बोलतो, 'इल पार्ल'. शेपटी तशीच ठेवली तर मी मूळ रूपात राहतो. त्या रूपात मी कुणाचाच नसतो. कोण बोलतंय, कधी बोलतंय, काही म्हणजे काही कळत नाही.

सुरतेत माझी ओळख करून दिली सुलभाबाईंनी. त्या अडाजणला घरीच फ्रेंच शिकवतात. खानदेशातून आलेल्या कामगारांच्या लिंबायत वस्तीतली छाया त्यांच्याकडे यायची. आफ्रिकेत कापड पाठवणाऱ्या एका पेढीत ती कामाला होती, म्हणून हा खटाटोप. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "हे क्रियापद चालवा बघू," तेव्हा ती खुदकन हसली.

"बाई, आमच्या गल्लीत सगळे कापडाचे लूम चालवतात. मी आता क्रियापद चालवते."

आणि छान चालवायची हो! बाई तोंडभरून कौतुक करायच्या. एक खोड मात्र जाता जाईना. 'मला बोलायचं आहे' यातला 'मला' तिच्या जिभेवरून उतरायचाच नाही. 'ज व्हो पार्ले' म्हणायचं सोडून ती 'म्वा व्हो पार्ले' म्हणायची.

"अगं, तिथे 'मी' हवा, 'मला' नको," बाई वैतागायच्या.

"पण बाई, बोलायचं तर मलाच असतं ना!"

यावर बाईंनाही हसू यायचं.

पुढे पेढीचा आफ्रिकेशी व्यवहार थांबला आणि छायाचा क्लास सुटला. मी तिच्या डोक्यात नुसता पडून राहिलो. वाईट वाटायचं, रागही यायचा. कामाचा माणूस घरी बसवला की तो चिडतो, तसंच माझं झालं.

मग तिचा भाऊ दीपक मादागास्करला गेला. तिथल्या कापड गिरणीत लूम बसवायचे होते. एक दिवस सूत गुंडाळलेला लूमचा जड रूळ, म्हणजे बीम, त्याच्या डोक्यावर आदळला. गिरणीतल्या एका माणसानं हिंदीतून तेवढं कळवलं, इस्पितळाचा नंबर दिला आणि नंतर फोन उचलेनासा झाला. इस्पितळातल्या नर्सला फ्रेंच येत होती, पण हिंदीही येत नव्हती आणि इंग्रजीही. तेव्हा कुठे छायाला माझी आठवण झाली.

"म्वा व्हो पार्ले... भाऊ... दीपक..." ती रडत रडत म्हणाली.

पलीकडून उत्तर आलं, "इल न पार्ल पा." तो बोलत नाही.

मित्रांनो, नर्सनं मला अगदी नियमाप्रमाणे चालवलं होतं. पण त्या दिवशी माझंच रूप मला नकोसं झालं.

छाया रोज दुपारी फोन करू लागली. भाकऱ्या थापताना ती मला पुटपुटत चालवायची, विसरलेलं आठवायची. उत्तर मात्र रोज तेच यायचं.

काल लाइन फार खराब होती. नर्स भराभर काहीतरी बोलली. छायाच्या कानावर शेवटचं तेवढं पडलं, "...आ पार्ले."

तिची आई मंगलाबाई फोनला कान लावूनच बसल्या होत्या. त्या ताडकन उठल्या. "पारले मांगस का मना पोऱ्या? त्याले भूक लागनी व्हई!"

"माय, बिस्कीट नही व. त्यासनी भाषामा पार्ले म्हंजे बोलनं."

"बोलनं? मंग तो बोलना?"

छायानं ऐकलेलं मनात जुळवून पाहिलं. 'इल आ पार्ले' म्हणजे तो बोलला. 'इल व्हा पार्ले' म्हणजे तो बोलणार आहे. मी दोन्हीकडे सारखाच ऐकू येतो. फरक तो एका 'व्ह'चा, आणि नेमका तोच लाइनच्या खरखरीत हरवला होता. त्यांच्या अहिराणीत तरी 'बोलनं' म्हणजे बोलणं आणि 'बोलना' म्हणजे बोलला, यांत असं किती अंतर आहे? मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, माझी शेपटी काढ, मला आत्ताच्या काळात चालव!

छायानं डोळे मिटून घेतले. "इल पार्ल?" तिनं विचारलं. तो बोलतो का? शेपटी बरोबर काढलेली होती आणि 'मला' कुठेच नव्हता.

"पाझाँकोर," नर्स म्हणाली. अजून नाही. मग तिनं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "इल... व्हा... पार्ले."

"अजून नही माय," छाया म्हणाली. "पन बोलनार शे, आसं म्हनस ती."

मंगलाबाई खाली बसल्या. संध्याकाळी त्यांनी बिस्किटाचा एक पुडा आणला आणि दीपकच्या कपड्यांशेजारी ठेवून दिला. तो कुणी फोडायचा नाही, अशी ताकीद दिली.

मित्रांनो, शिकलेला शब्द पडू देऊ नका. अधूनमधून त्याला चालवत जा. तो कधी आणि कुणासाठी लागेल ते सांगता येत नाही. मी अजून 'व्हा'च्या पुढे, मूळ रूपात उभा आहे. तिथे मला चालवता येत नाही, असा नियमच आहे, आणि मी आजवर एकही नियम मोडलेला नाही. पण छायाची ती 'मला'ची जुनी चूक आता मला चूक वाटत नाही. दीपकच्या तोंडून बाहेर पडायचं आहे, 'इल पार्ल' व्हायचं आहे. कुणाला म्हणून काय विचारता? मला. मलाच.