‘पाहिलं’चं बटण

ऑफिसात त्याला सगळे ‘बंब’ म्हणायचे. आग कुठेही लागो, विझवायला हाच. त्यांची कंपनी रुग्णालयांना औषधांचं सॉफ्टवेअर पुरवायची आणि ते बंद पडलं की आधी याचा फोन किंचाळायचा. स्क्रीनवर ‘पाहिलं’ असं बटण यायचं. ते दाबलं की बाकीचे निर्धास्त. बंब निघालाय, आता कशाला काळजी! न दाबलं तर थोड्या वेळाने दुसऱ्याचा फोन वाजायचा, पण तशी पाळी याने कधी येऊ दिली नव्हती. त्याचा याला कोण अभिमान!

पण अति तिथे माती. छातीत धडधड सुरू झाली, हात कापायला लागले, बोलता बोलता वाक्यं हरवू लागली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून, “हृदय ठणठणीत आहे, माणूस तेवढा संपत आलाय,” असं तोंडावर सांगितलं आणि सक्तीची रजा घ्यायला लावली. फोन बंद ठेवायचा, ही अट. याने बायकोसमोर फोन बंद करून कपाटात ठेवला आणि ती कामावर जाताच चोरासारखा बाहेर काढून चालू केला. फोन जवळ असला की जीव घाबरायचा, नसला की त्याहून जास्त. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

बायको नर्स. तिच्या रुग्णालयातही याच कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. “तुझं बिघडतं आणि माझं अडतं,” ही तिची नेहमीची थट्टा. त्या दुपारी मात्र ती थट्टेच्या मूडमध्ये नव्हती. आली ती चपला भिरकावूनच.

“सकाळभर बंद होतं तुमचं! कोणाला काय द्यायचं ते दिसेना. एक आजोबा दुखण्याच्या इंजेक्शनसाठी ताटकळले. माझा हात धरून कण्हत होते रे. आणि तुमच्या कंपनीचा माणूस म्हणतो, कोणीतरी ‘पाहिलं’ दाबलं आणि काहीच केलं नाही. बाकीचे बसले त्याच्या भरवशावर.”

“कोण गाढव असेल!” तो म्हणाला, आणि उठला.

बाथरूममध्ये जाऊन त्याने खिशातला फोन पाहिला. सकाळची सूचना. समोर ‘पाहिलं’. खाली त्याचंच नाव.

त्याने सकाळ आठवून पाहिली. चहा आठवला, दाढी आठवली, बटण काही केल्या आठवेना. अंगठ्याने परस्पर कारभार उरकला होता. मग आणखी काय काय उरकलं असेल? तो स्वयंपाकघरात धावला. गॅस बंद होता. पुन्हा हात लावून पाहिलं. बंदच होता. तरी तिसऱ्यांदा पाहिलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. बायकोला काही माहीत नव्हतं, गप्प बसला असता तर निभावलंही असतं. पण उद्या अंगठा पुन्हा चालला तर? डोळ्यांसमोर ते न पाहिलेले आजोबा येऊन कण्हू लागले.

“गाढव मीच,” त्याने फोन तिच्यापुढे धरला.

ती फोनकडे बघत राहिली. “हा कपाटात होता ना?”

“नव्हता.”

“खोटं बोललास माझ्याशी! मी वॉर्डात जीव टांगणीला लावून फिरते, वाटतं निदान तू तरी घरी आराम करतोयस.” तिचा आवाज चिरकला. मग एकदम परिचारिकेच्या स्वरात तिने विचारलं, “दाबल्याचं आठवतंय?”

“नाही. त्याचीच भीती वाटतेय.”

ती खुर्चीत बसली. “औषध दिल्याचं जिला आठवत नाही, तिला आम्ही त्याच क्षणी घरी पाठवतो. कितीही हुशार असो.”

“आणि वॉर्ड?”

“दुसरी उभी राहते. वॉर्ड चालतो.”

त्याने मॅडमना, म्हणजे त्याच्या वरिष्ठांना फोन लावला. मनात जुळवलेले शब्द सगळे विसरला आणि एवढंच म्हणाला, “मॅडम, ते मीच दाबलं. माझं नाव यादीतून काढा. आत्ताच.”

“आम्हाला सकाळीच दिसलं तुझं नाव,” मॅडम म्हणाल्या. “रजेवर असूनही धावलास असं वाटलं. बरंच वाटलं, खरं सांगते. म्हणून तर कोणी हललं नाही. चूक आमचीही आहे. रजेवर पाठवलं तेव्हाच नाव काढायला हवं होतं.”

“मग दुरुस्त कोणी केलं?”

“त्या नव्या मुलीने. वेळ लागला तिला, पण केलं. थांब हं, काढते तुझं नाव.” पलीकडे कीबोर्डचा आवाज झाला. “काढलं. बरा हो आता.”

फोन ठेवला आणि तो ढसाढसा रडायला लागला. सुटलो म्हणून, की आपल्यावाचून अडलं नाही म्हणून, हे त्याचं त्यालाच कळेना. बायकोने जवळ येऊन त्याचा हात हातात घेतला. अंगठा अजून थरथरत होता. तो तिने मुठीत धरला आणि थरथर थांबेपर्यंत सोडला नाही.