रद्दीत गेलेली राजाबाई

वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड भिंतभर रचलेले होते. शहर चहूबाजूंनी वाढत चाललेलं, आणि स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यासाला जागा मागत रोज दारात उभी. चिटणीस अनंतराव पडले हिशेबी. वर्षातून एकदा एकच माणूस त्यातला एकच खंड उघडतो, त्यासाठी अख्खी भिंत कशाला अडवायची? खंड रद्दीत गेले, अभ्यासिका झाली आणि सगळ्यांनी अनंतरावांची पाठ थोपटली.

तो एकच माणूस म्हणजे बिडकीनकडचे खंडेराव. छावणीच्या बाजारात मेंढरं विकायला आले की ते वाचनालयात हमखास यायचे. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची आई राजाबाई खडी फोडायच्या कामावर होती, तेव्हा इथल्या एका साप्ताहिकानं तिचा फोटो छापला होता. पुढच्याच साली ती गेली. तिचा दुसरा फोटो नव्हता. खंडेरावांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्यांच्याइतक्या भक्तीनं हे वाचनालय दुसऱ्या कुणी वापरलं नसेल.

यंदा पुन्हा पावसानं दडी मारली. चारा संपला तशी खंडेरावांनी उरलीसुरली मेंढरं विकली आणि बारावी झालेल्या लेकीला, प्रांजलीला, घेऊन ते आले. तिला अभ्यासिकेत बसवायचं होतं. त्याआधी तिला आजी दाखवायची होती.

अनंतरावांनी दोघांना बसवलं, पाणी दिलं आणि खरं ते सांगितलं. खंडेरावांना ते पटेचना. वाचनालयात ठेवलेली वस्तू जाईल कुठं, असंच ते पुनःपुन्हा विचारत राहिले. अनंतरावांनी रद्दीवाल्याला फोन लावला, आणखी दोन वाचनालयांना लावला. पण बैल गेला अन् झोपा केला. खंडांचा केव्हाच लगदा झाला होता, आणि ते साप्ताहिक तर कधीच बंद पडलं होतं. अनंतरावांना स्वतःची लाज वाटली.

शेवटी खंडेराव अनंतरावांनाच समजावल्यासारखं म्हणाले, "जाऊ द्या साहेब. तुमी तर दरसाली फोटो बघितलाय. ही पोरगी तोंडावळ्यानं माझ्या मायसारखी हाय, असं मी घरी सांगतो, तर कुणी इस्वास ठिवीत नाय. तुमीच सांगा, खरं हाय का नाय?"

प्रांजली अनंतरावांकडं पाहू लागली. दरवर्षी खंड काढून द्यायचे ते अनंतरावच, शेजारी उभे राहायचे तेही तेच. पण नजर असायची खंडेरावांच्या बोटांवर, जुनं पान फाटू नये म्हणून. राजाबाईचा चेहरा त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

"हुबेहूब," अनंतराव म्हणाले.

"बघ, म्हणलं नव्हतं?" खंडेराव लेकीला म्हणाले आणि त्यांनी अनंतरावांपुढं हात जोडले.