मावशीची बॅटरी

चिकटराव हे नाव त्याला ऑफिसातल्या लोकांनी ठेवलं, आणि ते काही उगाच नाही. दोन मिनिटं खोलीबाहेर जायचं असलं तरी हा गडी दिवा मालवून जाणार. पण त्याचं कामच तसलं! शरीरात बसवायची, नसांना हळूच विजेच्या टिचक्या देणारी यंत्रं त्याची कंपनी करायची, आणि त्या यंत्रांची भूक कमी कशी करायची हे शोधायचं काम याचं. रतीभर वीज वाचली तरी स्वारी आठवडाभर खूश.

असलंच एक यंत्र त्याच्या मावशीच्या छातीत होतं, कातडीखाली, काड्यापेटीएवढं. तिथून तारा थेट मेंदूत. मावशीचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. मधे तिचे हात असे थरथरायला लागले, की चिमट्यात स्क्रू धरवेना. यंत्र बसलं, हात शांत झाले, मावशी पुन्हा दुकानात हजर. पण बॅटरी संपली की छाती उघडून अख्खं यंत्र बदलायचं. एकदा बदललं होतं, तेव्हा जखम चिघळली आणि दुकान तीन महिने बंद राहिलं. "पुन्हा चिरफाड नको रे बाबा," मावशी म्हणायची. एरवी तोफखाना असलेली बाई, पण हे म्हणताना तिचा आवाज अगदी बारीक व्हायचा.

दुसरं यंत्र पाच वर्षं टिकायला हवं होतं. दोन वर्षांतच बॅटरी निम्म्याच्या खाली!

जगाची वीज वाचवायला निघालेला चिकटराव, आणि गळती सख्ख्या मावशीच्या छातीत. शेवटी तो तिला यंत्र बसवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी यंत्राची नोंद पडद्यावर काढली. टिचक्या अगदी बेतशीर होत्या. खाली मात्र एक ओळ होती: मावशीकडच्या रिमोटने यंत्राला जागं केलं, दिवसाला साठ वेळा.

टिचक्यांना वीज फारशी लागत नाही. पण रिमोटशी बोलायचं म्हटलं की यंत्रातला रेडिओ जागा होतो, आणि तो मेला खादाड. म्हणून तर रिमोट आठवड्यातून एकदा वापरायचा असतो.

"मावशी, काय करतेस काय त्या रिमोटचं?"

"बघते. बॅटरी किती उरली ते."

"साठ वेळा?"

"अरे, जीव टांगणीला लागतो! उठले की बघते. दुकान उघडलं की बघते. गिऱ्हाईक गेलं की बघते. जरा उतरलेली दिसली, की चुकून तर नाही ना म्हणून पुन्हा बघते."

बोलता बोलता मावशी थांबली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! घड्याळातला दिवा सारखा लावून बघितलात तर सेल टिकेल कसा, म्हणून गिऱ्हाइकांवर रोज ओरडते, आणि मी स्वतः काय करतेय?"

डॉक्टरीणबाई खुदकन हसल्या. चिकटरावाला तर हसू आवरेना.

"दात काय काढतोस?" मावशी उसळली. "सकाळी सातला फोन कुणाचा? 'मावशी, बॅटरी किती?' जेवायच्या सुट्टीत? 'मावशी, बॅटरी किती?' संध्याकाळी तेच. तू विचारलंस की मी बघायची. फोन ठेवला की मनात यायचं, यातला जाणकार माणूस इतका घाबरलाय, म्हणजे काहीतरी नक्की आहे. मग आणखी दहा वेळा बघायची!"

चिकटरावाचं तोंड एवढंसं झालं. ऑफिसात रतीरतीने वाचवायचं आणि फोनवरून घागरीने ओतायचं, हेच तो करत आला होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. "चुकलं गं माझं," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"बरं, बरं. डोळे पूस आता," मावशी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आकडेमोड केली. "आता फक्त रविवारी बघायचं. तेवढं पाळलंत तर ही बॅटरी अजून दोन वर्षं सहज जाईल. तोवर ऑपरेशनचं नाव काढू नका." मावशीने दुकानात जाऊन रिमोट खणात टाकला आणि वर एक बंद पडलेलं गजराचं घड्याळ ठेवलं, पहारेकरी म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चिकटरावाने सवयीने फोन लावला. मावशीने उचलला. "मावशी, बॅट..." म्हणता म्हणता त्याने जीभ चावली. आता बोलायचं काय?

"मावशी, कशी आहेस?"

"दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलंस बघ," मावशी म्हणाली. आवाज जरा ओला झाला होता. मग मात्र तिची गाडी सुटली. गुडघा, शेजारीण, एका गिऱ्हाइकाने पाण्यात बुडवून आणलेलं घड्याळ, बाजूच्या दुकानदाराचं घोरणं! चिकटराव या खोलीतून त्या खोलीत फिरत, दिवे लावत, हसत हसत ऐकत राहिला. पाऊण तासाने घड्याळाकडे लक्ष गेलं, तेव्हा बूट हातात घेऊन धावत सुटला.

संध्याकाळी घरी येऊन दार उघडतो तो काय, सगळ्या खोल्यांतले दिवे सकाळपासून जळत होते.