कोइमतूरची मोटर

"आबा, डावा हात काढा आधी! डावा हात!" नवनाथ बांधावरून ओरडतच आला.

दशरथ नागूच्या विहिरीशी उकिडवा बसला होता. उजव्या हातात पाना, डाव्या हातात मोटरचं झाकण. त्यानं झाकण खाली ठेवलं. डायलिसिसच्या सुया त्या हाताला लागत. त्यानं वजन उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

"चार दिवस पाणी ओढत नाय ही. भेंडी सुकली नागूची."

"दुसरा कोण तरी बघंल."

"कोण बघंल?"

नवनाथ झाकण धरायला खाली बसला. कडावातल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या मोटरी तीस वर्षं त्याच्या बापानंच उघडल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी दशरथची मूत्रपिंडं निकामी झाली आणि लेक संध्या त्याला कोइमतूरला घेऊन गेली. जावई तिथं पंपाच्या कारखान्यात होता. दशरथनं जन्मभर दुरुस्त केलेल्या निम्म्या मोटरींवर त्याच गावाचं नाव कोरलेलं असायचं. तिथं डायलिसिसचं केंद्र घरापासून सात मिनिटांवर. आठवड्यातून तीनदा तो एकटा चालत जाई, जेवायच्या वेळेला घरी येई. गालांवर मांस आलं होतं. पण गॅलरीतून नव्या पंपांनी भरलेले ट्रक जाताना दिसत आणि त्याचे हात शिवशिवत. त्या अख्ख्या शहरात त्याला हाक मारून बोलावणारं कुणी नव्हतं.

पुतण्याच्या लग्नासाठी म्हणून तो गावी आला आणि तिसऱ्याच दिवशी त्यानं परतीचं तिकीट रद्द करायला लावलं.

"तिकडं नक्की कसं हाय रं?" झाकण बसवताना नागूनं विचारलं.

दशरथनं सगळं सांगितलं. वेळेवर येणारी बस, दिवसभर नळाला पाणी, कोपऱ्यावर दवाखाना.

"मग परत कशाला आलास?"

दशरथनं बटण दाबलं. मोटर घरघरली, पाईप थरथरला आणि पाटात पाणी पडलं. तो ते पाणी भेंडीच्या शेवटच्या वाफ्यात पोचेपर्यंत बघत उभा राहिला.

इथलं डायलिसिस पनवेलला. नवनाथचा टेंपो भाड्याला गेला, की सून भाग्यश्री सोबत जाई. ती साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. त्या बुधवारी दोघं सकाळी सहाला रिक्षानं निघाली. लोधिवलीपाशी कंटेनर आडवा झाला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या. पाऊण तास, दीड तास. दशरथ रिक्षात बसू शकेना, उतरून उभा राहू शकेना. पाय सुजले होते, श्वास वरच्या वर येत होता.

"मामा, पाण्याचा घोट देऊ?"

"नको. आतलंच जात नाय बाहेर."

पनवेलला पोचली तेव्हा त्याच्या मशीनवर दुसरा पेशंट होता. डॉक्टरांनी तपासलं, एक इंजेक्शन दिलं. तासाभरानं श्वास थोडा खाली बसला. "उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा," सिस्टर म्हणाली. "त्रास वाढला तर लगेच या."

भाग्यश्री त्याला बाकावर बसवून दाराबाहेर गेली. दार उघडंच होतं.

"सर, उद्याचा पण खाडा पडंल... हां सर, या महिन्यातला सातवा, ठाऊक हाय मला... नका ना सर असं करू. माझ्या जागी दुसरी नका घेऊ. मी रविवारी येते, डबल करते..."

ती आत आली तेव्हा पदरानं तोंड पुसत होती.

"कोण गं?"

"मैत्रीण. उगाच बडबडते."

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झाल्यावर दशरथनं टेंपोचं भाडं सोडून आलेल्या नवनाथला जवळ बोलावलं.

"संध्याला फोन लाव. तिकीट काढ म्हणावं."

"आबा, ऱ्हावा इथंच. आमी करू की."

"करताय ते दिसतंय रं मला."

नवनाथनं पुन्हा आग्रह केला नाही. आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं त्याला, आणि तसं वाटल्याची इतकी लाज वाटली, की तो नळीतून फिरणाऱ्या बापाच्या रक्ताकडे बघत बसला.

शनिवारी पनवेलला गाडी जेमतेम पाच मिनिटं थांबली. नवनाथनं बॅग वर टाकली, बापाला खिडकीपाशी बसवलं आणि उतरून गजांशी उभा राहिला.

"पोचलात की फोन करा. दिवाळीला आणतो तुमाला."

"बघू."

समोरच्या बाकावर लुंगी नेसलेला एक म्हातारा बसला होता. त्यानं दशरथकडे वाकून तमिळमध्ये काहीतरी विचारलं. शब्द भराभर आले. नवनाथला त्यातलं एकही अक्षर कळलं नाही.

"आमा," दशरथ होकारार्थी मान हलवत म्हणाला. मग थोडा थांबून, चाचपडत, आणखी दोन शब्द. म्हातारा खूश होऊन जोरानं मान हलवू लागला.

"काय म्हणालात त्याला, आबा?"

गाडी हलली होती. दशरथनं कानामागे हात धरला, पण ऐकू गेलं नसावं. तो पुन्हा समोरच्या माणसाकडे वळला.