राखीव गटातली शेवटची जागा

आत्याचा आवाज गल्लीच्या या टोकाला सुरू झाला की त्या टोकाची कुत्री उठून बसायची. गाद्या भरायचं दुकान तिचं. कापूस पिंजता पिंजता ती माणसंही पिंजून काढायची. पण आज मेडिकलच्या प्रवेश कार्यालयात, शेवटच्या फेरीच्या यादीसमोर तिच्या तोंडून शब्द फुटेना. भाचीचं नाव नव्हतं.

भावाच्या या लेकीला तिनंच लहानाचं मोठं केलं होतं. दुसऱ्या फेरीत पोरीला दातांच्या डॉक्टरीची जागा मिळत होती, ती घ्यायला तयारही होती. "दात कसले कोरत बसतेस? आपल्या राखीव गटातली एक जागा अजून शिल्लक आहे आणि मागं राहिलेल्यांत तूच पहिली. सोड ती!" असं ठणकावणारी आत्याच. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये, हे शहाणपण ती अख्ख्या गल्लीला शिकवायची. स्वतःच्या पोरीच्या वेळी नेमकी अक्कल शेण खायला गेली. पोर तिकडे मोबाइल बंद करून, दार लावून बसलेली. तिला आता कोणत्या तोंडानं सांगायचं?

तिनं बोट लावून यादी परत वाचली. त्या एकुलत्या जागेवर नाव होतं बारकीचं. बारकी म्हणजे भाचीची मैत्रीण, रंगाऱ्याची मुलगी, त्याच गटातली. आणि मार्क भाचीपेक्षा कमी! झालं, आत्याचा आवाज परत आला.

रंगारी तिथंच खांबाला टेकून डोळे पुसत होता.

"काय हो, कुणाचे पाय धरलेत? माझ्या पोरीच्या तोंडचा घास काढलात!"

"ताई, शपथेवर सांगतो, मलाच काही कळत नाहीये."

"कळत नाही म्हणे! चला खिडकीवर, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष." तिनं त्याची बाही धरली आणि रांगेतल्या माणसांना कोपरानं सारत त्याला ओढत नेलं.

खिडकीतल्या बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग कॉम्प्युटरकडे पाहत विचारलं, "मावशी, यादी कुठली बघितलीत?"

"कुठली म्हणजे? आमच्या गटाची! दोन फेऱ्या त्याच यादीवर डोळे फोडतेय."

"आणि खुल्या गटाची?"

"ती कशाला बघू? ती काय आमची आहे?"

"खुली म्हणजे सगळ्यांचीच की! या फेरीत खुल्या गटातल्या बऱ्याच मुलांनी जागा सोडल्या. तुमच्या मुलीचा नंबर सरळ तिथंच लागला. आम्ही आधी खुल्यात बघतो, तिथं नाही जमलं तर राखीव. म्हणून तुमच्या गटातली जागा पुढच्या मुलीला गेली."

आत्या दुसऱ्या भिंतीकडे धावली. नाव होतं. तिनं ते दोनदा वाचलं आणि मटकन खाली बसली. "अगं बाई गं," एवढंच म्हणत राहिली. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेला होता.

रंगारी शेजारी येऊन बसला. "ताई, तुमच्या पोरीनं थोडे मार्क कमी पाडले असते ना, तर माझी घरी बसली असती."

"भाऊ, माझी जीभ हासडून टाका."

"नको. पोरीला कळवायला लागेल ती."

पण घरी पोचेपर्यंत जीभ पार गळून गेली होती. आत्यानं दार वाजवलं. बोलायला गेली तर हुंदकाच आला. आतून कडी निघाली. आत्या गप्प आहे, याचा अर्थ पोरीनं तिच्या परीनं लावला. तिनं आत्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"असू दे गं, आत्या. मी परत परीक्षेला बसेन. तुझी काही चूक नाही."

"चूक आहे! मघापासून भलत्याच यादीत शोधत होते तुला," आत्या म्हणाली, आणि मग असं गळा काढून रडली की त्या टोकाची कुत्री उठून बसली.