मला पालथा करा

मी एक जुना एनॅमलचा जग आहे. आतून पांढरा, बाहेरून निळा, कानाशी टवका उडालेला. भट्टीतून निघालो तेव्हा माझी चकाकी पाहून कारागीरही खूश झाला होता.

मित्रांनो, मला एका शिंपिणीने विकत घेतले. ती कॅथलिक, तिचा नवरा प्रोटेस्टंट. लग्नात दोन्हीकडच्या मंडळींनी नाके मुरडली होती. मुलगी झाली, तेव्हा दोघांनी ठरवले, की बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये घ्यायचा ते ती मोठी झाल्यावर तीच सांगेल. रोज माझ्यातल्या पाण्याने बाळाची अंघोळ व्हायची. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय छान जग आहे!" मीही फुशारून जायचो.

दोन्ही आज्यांच्या जिवाला मात्र घोर लागला होता. एका दुपारी शिंपीण दुकानात असताना आईच्या आईने बाळाच्या कपाळावर माझ्यातले पाणी ओतले, प्रार्थना पुटपुटली आणि असा गुपचूप बाप्तिस्मा करून तिला एका संत बाईचे नाव दिले. "कुणाला सांगू नकोस हं," ती चक्क मलाच म्हणाली. काही दिवसांनी वडिलांच्या आईनेही तेच केले. "माझी नात काय अशीच राहणार?" असे म्हणत तिने दुसरेच नाव दिले. एकीचे दुसरीला ठाऊक नव्हते. मला दोन्ही ठाऊक होते, पण मला बोलता कुठे येते!

पुढे दोघी आज्या वारल्या. त्यानंतर माझ्यात पाणी भरले, की मुलगी खेळता खेळता थबकायची. आईबाबांनी ठेवलेल्या नावाला ओ द्यायची नाही. रिकाम्या दाराकडे पाहून मात्र म्हणायची, "आले!"

"कोण बोलावतं गं तुला?" एकदा आईने विचारले.

"आजी." तिने माझ्याकडे बोट दाखवले. "त्यात पाणी असलं की बोलावते."

"कुठली आजी?"

"दोघी. एकदमच बोलावतात. वेगवेगळ्या नावांनी. आई, मी आधी कुणाकडे जाऊ?"

 शिंपिणीने मला लगेच रिकामा करून, कोरडा पुसून माळ्यावर नेऊन ठेवले. तेव्हापासून मुलगी आपल्या नावाला ओ देते, हसते, गाते. ते ऐकून मला फार बरे वाटते.

पण मित्रांनो, घाईत मला उभाच ठेवले आहे. वापरातून गेलेल्या भांड्याकडेही अधूनमधून पाहावे. माझ्या डोक्यावरचे छप्पर गळते आहे आणि सकाळपासून माझा तळ भिजला आहे. खाली चाललेले गाणे आत्ताच मध्येच थांबले. माळ्याच्या शिडीवर छोटी पावले वाजत आहेत. तिच्याआधी कुणीतरी वर या आणि मला पालथा करा.