काकासाहेबांचा बिनफटाक्याचा वाढदिवस

काकासाहेब कुठंही गेले तरी आधी फटाके वाजायचे आणि मग काकासाहेब दिसायचे. निवडणूक हरले तेव्हासुद्धा कार्यकर्त्यांनी लड लावली होती. आणलेली वाया कशाला घालवायची, म्हणून. त्यांच्या बायकोचा, नंदाबाईंचा, संसार या धुरात बरा चालला होता.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून त्यांचं घर आणि अंगणालगत भाड्यानं दिलेल्या खोल्या होत्या. शेवटच्या खोलीत बिहारची सुनैना नवऱ्याबरोबर राहायला आली. आधीच्या गावी लोखंडाच्या कारखान्यात भट्टी फुटली आणि तिचा भाऊ तिच्या डोळ्यांदेखत गेला. त्याचा डबा घेऊन तीच गेली होती. तेव्हापासून भांडं पडलं तरी ती कोपऱ्यात अंग चोरून बसायची. दार तर उघडायचीच नाही.

नंदाबाईंना बोलायला माणूस हवं होतं. त्या रोज तिच्या उंबऱ्याशी मेथी निवडत बसायच्या आणि मोडक्या हिंदीत काकासाहेबांच्या तक्रारी सांगायच्या. नवऱ्याची निंदा ऐकायला कुठल्याही मुलखातली बाई दार उघडते. आधी फट उघडली, मग अर्धं दार, आणि एक दिवस सुनैनाने मेथीची जुडी ओढून घेतली.

काकासाहेबांच्या कानावर हे गेलं आणि घात झाला. त्यांनी लगेच ‘स्थलांतरित बंधू-भगिनी मानसिक आधार मेळावा’ ठरवला.

“लड लावणार न्हाईत ना?” नंदाबाईंनी खडसावून विचारलं.

“बिलकुल न्हाई! सोमेश्वरला बजावून ठिवलंय, स्वागताला फटाके नकोत म्हणून.”

त्या भरवशावर नंदाबाईंनी सुनैनाला शब्द दिला आणि हाताला धरून मंगल कार्यालयात नेलं. तिला व्यासपीठावर बसवलं. संभाजीनगरहून आलेल्या समुपदेशक ज्योत्स्नाताईंनी फार चांगलं समजावलं, की धसका घेतलेल्या माणसाला अचानक मोठा आवाज सोसत नाही. सगळ्यात मोठ्या टाळ्या काकासाहेबांनीच वाजवल्या. मग ते अध्यक्षीय भाषणाला उठले आणि बाहेर लड कडाडली. कार्यकर्ता सोमेश्वर हुकमाचा पक्का होता. स्वागताला नको म्हणाले होते. भाषणाला नको, असं कोण म्हणालं होतं?

सुनैना टेबलाखाली शिरली. तिच्यामागून नंदाबाई इस्त्रीच्या साडीसकट शिरल्या. वर माईकवर, “अशा भगिनींच्या पाठीशी मी खंबीरपणे...” चालूच होतं.

“अवो, पुरं करा आता!” टेबलाखालून नंदाबाई ओरडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘भावनिक वातावरणात मेळावा संपन्न.’

सुनैनाचं दार पुन्हा बंद झालं. नंदाबाईंनी काकासाहेबांच्या तरुणपणातल्या भानगडीसुद्धा सांगून पाहिल्या, पण दार हललं नाही. माझ्या शब्दावर आली होती पोर, या विचारानं त्यांना जेवण जाईना.

“तुमच्या वाढदिवसाला एक जरी फटाका वाजला,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तर मी राजूरला माहेरी गेलेच समजा.”

“मंग लोकांना कळंल कसं?” काकासाहेब हादरले. पण बायकोचा चेहरा पाहून कबूल झाले.

वाढदिवस उजाडला. फटाके नाहीत, बँड नाही. रुसलेले काकासाहेब जेवून झोपून गेले. पंचक्रोशीत मात्र खळबळ उडाली. काकांचा वाढदिवस आणि आवाज नाही, म्हणजे काका गेलेच! दुपारपर्यंत अंगणात माणसं जमली. हार आणलेले होतेच, तेच हातात धरून सगळे खाली मान घालून उभे होते. विचारायची कुणाची छाती होईना. नंदाबाई ओसरीवर बसल्या होत्या, त्यांनाही काही उमजेना.

तेवढ्यात शेवटच्या खोलीचं दार उघडलं. अशी मुकी गर्दी सुनैनाने एकदा पाहिली होती. ती गर्दीतून वाट काढत तडक ओसरीवर आली आणि तिनं नंदाबाईंचं डोकं छातीशी धरलं.

“रोइए मत, चाची. हम हैं ना.”

नंदाबाई तोवर रडत नव्हत्या. आता मात्र त्यांना हुंदका फुटला. त्या आवाजानं काकासाहेब जागे झाले आणि जांभई देत आतल्या दारात आले.

नंदाबाईंनी सुनैनाच्या खांद्यावरून हात हलवून त्यांना पुन्हा आत पिटाळलं.